पिकअपच्या हौद्यात कॅम्पर पक्का कसा बसवायचा

ट्रक कॅम्पर म्हणजे पिकअपच्या हौद्यात उतरवायची सुटी खोली. तिला स्वतःची चाकं नसतात. खालचा अरुंद भाग हौद्यात बसतो, दोन्ही बाजूंचे पंख हौद्याच्या कठड्यांवरून बाहेर येतात आणि झोपायची जागा केबिनच्या टपावर पुढे झुकलेली असते. या गाड्या मुख्यतः अमेरिका आणि कॅनडातल्या. त्यामुळे मापं, स्टिकर, सुटे भाग सगळं तिथल्या पद्धतीचं असतं. खाली वजनं किलोत दिली आहेत, गरज पडली तिथे पौंडही.

नव्याने कॅम्पर घेतलेल्या माणसाचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा "टर्नबकल किती आवळायचं?" असा असतो. टर्नबकल म्हणजे कॅम्परचा कोपरा गाडीला जोडणारा, पेच फिरवून आवळायचा दांडा. खरं तर त्याची पाळी सगळ्यात शेवटी यायला हवी. कॅम्पर जागेवर राहतो तो तळाच्या घर्षणामुळे, पुढच्या भिंतीच्या आधारामुळे आणि चार कोपऱ्यांतल्या ताणामुळे. यातला ताण एकटा फार काही करू शकत नाही. त्याचं मुख्य काम कॅम्परला हौद्याच्या तळावर सतत दाबून ठेवणं, म्हणजे पहिल्या दोघांना आपलं काम करता येतं.

एक हिशोब

१,५०० किलोचा, म्हणजे साधारण ३,३०० पौंडांचा कॅम्पर घेऊ. व्यापारी वाहनांवरचा माल बांधण्याचे अमेरिकी नियम असं धरतात की जोरदार ब्रेक लागल्यावर मालावर पुढच्या दिशेने त्याच्या वजनाच्या ०.८ पट जोर येतो, आणि बाजूला व मागे ०.५ पट. आपल्या कॅम्परसाठी पुढचा जोर झाला १,२०० किलो, बाजूचा ७५०.

आता तळाकडे बघा. चांगल्या रबरी मॅटवर घर्षणांक, म्हणजे वजनाच्या किती पट जोर घर्षण अडवतं तो आकडा, ०.६ च्या आसपास धरतात. म्हणजे कॅम्परचं नुसतं वजनच ९०० किलोपर्यंतचा जोर अडवतं, पुढच्या भिंतीला आणि टर्नबकलना उरतात ३००. तोच कॅम्पर गुळगुळीत प्लास्टिकच्या लायनरवर, म्हणजे हौद्याच्या अस्तरावर, ठेवला आणि घर्षणांक ०.२ धरला, तर घर्षण अडवतं फक्त ३००. उरलेले ९०० किलो पत्र्यावर आणि हुकांवर जातात.

मग वाटतं, टर्नबकल जास्त आवळली की झालं. समजा चार टर्नबकल मिळून ४०० किलोने कॅम्पर खाली दाबतायत. रबरावर त्यातून घर्षण वाढतं २४० किलोने, प्लास्टिकवर फक्त ८० ने. ताण तितकाच, पण उपयोग एक तृतीयांश. आणि हे ४०० किलो मिळवायला प्रत्येक टर्नबकलमध्ये १०० नव्हे, १४० किलोच्या आसपास ताण लागतो, कारण ती ४५ अंशांत तिरकी असते आणि तिच्या ओढीचा काही भागच सरळ खाली जातो. जितकी आडवी, तितकी खाली दाबायला कमकुवत.

कलंडण्याचा हिशोब वेगळा आहे. कॅम्परचा खालचा भाग जवळपास ४ फूट, म्हणजे १२० सेंटिमीटर रुंद असतो, कारण त्याला हौद्यातल्या दोन व्हील आर्चच्या, म्हणजे चाकांवरच्या उंचवट्यांच्या मधून जायचं असतं. गुरुत्वमध्य तळापासून १ मीटरवर धरला, तर न बांधलेला कॅम्पर वजनाच्या ०.६ पट बाजूच्या जोराला एका कडेवर उचलला जाईल. कोरड्या सपाट वळणावर सावध चालवणारा त्या आकड्याच्या जवळ जात नाही. पण वळणात एक चाक खड्ड्यात गेलं, शेजारून मोठा ट्रक हवेचा धक्का देत गेला, तर ते अंतर पाहता पाहता संपतं. इथे घर्षण कामाला येत नाही, फक्त टर्नबकल येतात.

आधी काटा

दाराच्या चौकटीवर टायर आणि भाराची माहिती देणारा स्टिकर असतो. माणसं आणि सामान मिळून किती किलो, किती पौंडांच्या वर जाता कामा नये, हे त्यावर लिहिलेलं असतं. त्या एकाच पिकअपचा आकडा तो असतो. त्याच मॉडेलच्या जाहिरातीतला आकडा मोठा असतो, कारण तो सगळ्यात हलक्या प्रकाराचा असतो. चार दारं, चारही चाकांना ताकद, डिझेल इंजिन असं एकेक वाढत गेलं की तुमच्या वाट्याचा भार उतरत जातो.

कॅम्परच्या माहितीपत्रकातलं कोरडं वजनही तसंच फसवं. त्यात पाणी नाही, गॅस नाही, बहुतेकदा जादा घेतलेल्या सोयीही नाहीत. ११० लिटर पाणी म्हणजे ११० किलो. २० पौंडी गॅस सिलिंडर भरलेला असताना १७ किलोच्या आसपास, दोन असतात. लेड-ॲसिड बॅटरी प्रत्येकी २५ ते ३० किलो. भांडी, कपडे, अवजारं, खाणं, पांघरुणं यांचं कोणी वजन करत नाही, पण ते शंभरावर सहज जातं. म्हणून कॅम्पर घेतल्यावर प्रवासाला निघतो तसा पूर्ण भरून एकदा काटा करा. अमेरिकेत महामार्गावरच्या ट्रक थांब्यांवर असे काटे असतात, ते पुढच्या आणि मागच्या ॲक्सलचं वजन वेगवेगळं देतात. हे वेगवेगळं असणंच महत्त्वाचं आहे.

कारण त्यातून गुरुत्वमध्य कळतो. एकदा रिकाम्या पिकअपचा काटा करा, एकदा कॅम्परसकट. दोन्ही वेळा माणसं तीच, इंधनाची टाकी तितकीच. मग पुढच्या ॲक्सलवर किती वजन वाढलं ते घ्या, त्याला दोन ॲक्सलमधल्या अंतराने गुणा, कॅम्परच्या वजनाने भागा. समजा रिकामी गाडी पुढे १,९०० आणि मागे १,४०० किलो. कॅम्परसकट पुढे १,९६०, मागे २,८४०. कॅम्पर झाला १,५०० किलोचा, पुढे वाढले ६०. ॲक्सलमधलं अंतर ४०० सेंटिमीटर असेल, तर ४०० गुणिले ६० भागिले १,५०० म्हणजे १६. कॅम्परचा गुरुत्वमध्य मागच्या ॲक्सलच्या १६ सेंटिमीटर पुढे आहे. असाच हवा.

पुढचं वजन वाढण्याऐवजी ६० ने कमी झालं असतं, तर तो १६ सेंटिमीटर मागे पडला असता. अशी गाडी नाक वर करून चालते, स्टिअरिंग हलकं लागतं, पुढचे ब्रेक कमी धरतात. कितीही टर्नबकल आवळली तरी हे सुटत नाही. ८ फुटी हौद्यासाठी बनवलेला कॅम्पर ६.५ फुटी हौद्यात घातला की बहुतेकदा नेमकं हेच घडतं. कॅम्परच्या बाहेरच्या बाजूला गुरुत्वमध्याची खूण असते आणि पिकअपच्या पुस्तिकेत तो कुठून कुठपर्यंत चालेल याची आकृती असते. खरेदीच्या आधी टेप लावून दोन्ही जुळतात का पाहणं हे दहा मिनिटांचं काम आहे.

मागच्या ॲक्सलची आणि टायरची मर्यादाही पाहायला हवी. एकूण वजन बसलं तरी मागच्या टायरवर जास्त येऊ शकतं. कॅम्परसाठी साध्या मोटारीचे टायर चालत नाहीत, जड भाराचे लागतात, आणि त्यांच्या बाजूवर छापलेली भारक्षमता त्या टायरच्या कमाल हवेची असते. ई श्रेणीच्या टायरमध्ये ती बहुधा ८० पीएसआय. निम्म्या हवेच्या टायरची बाजू वळणावर मुडपते आणि वरची खोली डोलते. मग लोक दोष टर्नबकलला देतात.

हवेच्या स्प्रिंगा आणि जादा पाटे बसवले की गाडीची मान सरळ होते. जाड स्वे-बारने, म्हणजे डावी-उजवी बाजू जोडणाऱ्या आडव्या दांड्याने, डोलणं कमी होतं. यातल्या कशानेही दारावरचा आकडा बदलत नाही.

तळ, पुढची भिंत आणि मोकळी जागा

हौद्यात सुटं बसवलेलं प्लास्टिकचं लायनर असेल तर ते काढा. यात तडजोड नको. फवारून लावलेलं खरबरीत लायनर चालतं, त्यावरही १० मिलिमीटर किंवा त्याहून जाड रबरी मॅट टाका. घोड्यांच्या तबेल्यात घालतात ती १९ मिलिमीटरची मॅट उत्तम, फक्त तिला वजन आहे. खालून पाणी निघून जायला खाचा हव्यात. मॅट टाकण्याआधी हौदा झाडून घ्या, कारण रबराखालची वाळू घर्षण खाते आणि पत्र्याचा रंगही. गालिचा, जुनी सतरंजी, घड्या घातलेली ताडपत्री असलं काही मध्ये नको.

पुढे कॅम्परचं नाक आणि हौद्याची पुढची भिंत यांच्यात फट राहिली, तर प्रत्येक ब्रेकला कॅम्पर तेवढा पुढे सरकून भिंतीला धडकेल. फट भरायला लाकडाचा ठोकळा आडवा, पूर्ण रुंदीभर, हौद्याच्या तळाशी टेकवून ठेवा. अमेरिकेत दोन बाय चारचं लाकूड म्हणतात, त्याचं खरं माप ३८ बाय ८९ मिलिमीटर. एक किंवा दोन जोडून बहुतेक फटी भरतात. तळाशीच का? भिंतीचा पत्रा तळाला जोडलेला असतो तिथे ताठ असतो आणि वर जाल तसा लवतो. मधेच टेकवलेला ठोकळा पत्र्याला पोक काढतो. ठोकळा हादऱ्यांनी वर सरकू नये म्हणून तो एका प्लायच्या पट्टीला स्क्रूने जोडून ती पट्टी मॅटखाली सरकवतात. कॅम्परच्या तळाच्या वजनाने तो जागच्या जागी राहतो.

ठोकळ्याचा दुसरा उपयोग म्हणजे दर वेळी कॅम्पर नेमका त्याच जागी बसतो. टर्नबकलची लांबी एकदा ठरवली की पुन्हा पुन्हा फिरवावी लागत नाही.

वरती दोन फटी पाहायच्या. केबिनचा टप आणि वरच्या झोपायच्या भागाचा तळ यांत ५ ते ७ सेंटिमीटर तरी हवं, कारण केबिन आणि हौदा चासीवर वेगवेगळे बसवलेले असतात आणि खराब रस्त्यावर एकमेकांच्या तुलनेत हलतात. हौद्याचे कठडे आणि कॅम्परचे पंख यांत २.५ ते ५ सेंटिमीटर. कॅम्परच्या पुस्तिकेत वेगळं माप असेल तर तेच पाळा. पंख कठड्यावर टेकलेले दिसले तर समजा की भार चुकीच्या जागी आहे: पंख वजन घ्यायला बनवलेले नसतात, आणि कठडे वाकायला वेळ लागत नाही. उंची कमी पडली तर कॅम्परच्या तळाखाली लाकडी चौकट किंवा कडक फोमचे पत्रे घालून उचलतात. तळाला सगळीकडे सारखा आधार मिळाला पाहिजे. चार कोपऱ्यांत चार ठोकळे ठेवून उचललेला कॅम्पर त्याच चार ठिकाणी तळ फोडून घेतो. चौकटीच्या वर पुन्हा रबर हवंच.

गाडीकडचे खुंटे

ताण गाडीला कुठे जोडायचा, यावर मालकांमध्ये सगळ्यात जास्त वाद होतात. खरं तर वादाचं कारण थोडं आहे. हौदा पातळ पत्र्याचा असतो आणि काही बोल्टांनी चासीवर बसवलेला असतो. चासी जाड पोलादाची असते. जड कॅम्परसाठी चासीवर बसणारे खुंटेच घ्यावेत. टॉर्कलिफ्ट कंपनीचे खुंटे या प्रकारातले. हौद्याखालून चासीला बोल्टने पकडलेलं घर, त्यातून बाहेर निघणारा पोलादी दांडा, टोकाला कडी. दांडा खिळीने अडकवलेला असतो, कॅम्पर नसताना काढून ठेवता येतो. ते ठरावीक गाडीच्या ठरावीक वर्षांसाठी बनवलेले असतात आणि चासीतल्या आधीच्याच भोकांत बसतात. भोक पाडायला किंवा चासीवर वेल्डिंग करायला कुणी सांगत असेल तर थांबा. चासीच्या पोलादाची ताकद वेल्डिंगच्या उष्णतेने बदलते.

हौद्यावर बसणारे खुंटे दुसरा प्रकार, हॅपीजॅक कंपनीचे जुने आणि माहितीचे. हौद्याच्या पुढच्या कोपऱ्यात कंस आणि ओढ पसरवायला खाली पट्टी. पोलादी हौदा आणि मध्यम वजनाचा कॅम्पर असेल तर अनेक गाड्यांवर ते वर्षानुवर्षं चालतात. पण फोर्डने एफ-१५० चा हौदा २०१५ पासून आणि सुपर ड्यूटीचा २०१७ पासून ॲल्युमिनियमचा केला, टोयोटा टॅकोमाचा हौदा २००५ पासून कंपोझिटचा, म्हणजे तंतू घातलेल्या प्लास्टिकचा आहे. अशा हौद्यांवर जुन्या पोलादी गाडीचे कंस चढवू नका. ॲल्युमिनियमला थेट लागून पोलाद ठेवलं आणि मध्ये मिठाचं पाणी गेलं की ॲल्युमिनियम खायला लागतं, हे वेगळंच.

काही हलके, छप्पर वर उघडणारे कॅम्पर आतूनच बांधले जातात. हौद्याच्या तळात चार आय-बोल्ट (टोकाला गोल डोळा असलेले बोल्ट), कॅम्परच्या खालच्या कोपऱ्यांत चार, मध्ये टर्नबकल, आणि हात घालायला बाजूला छोट्या झडपा. इथे हौद्याला भोकं पाडावीच लागतात. ड्रिल लावण्याआधी खाली झोपून बघा: इंधनाची टाकी, ब्रेकच्या नळ्या, वायरिंग सगळं तिथूनच जातं. बोल्टच्या खाली साधा वॉशर पुरत नाही, तळहाताएवढी पोलादी पट्टी लागते, नाहीतर पत्रा फाटून बोल्ट वर येतो. आय-बोल्ट बंद डोळ्याचा, घडवलेला घ्या. सळी वाकवून केलेला डोळा ओढीने उलगडतो.

हौद्यात कारखान्यातूनच येणाऱ्या कड्या सुट्या सामानासाठी असतात. त्यांची ताकद पुस्तिकेत लिहिलेली असते आणि ती बहुतेकदा काहीशे पौंडांची असते. कठड्यातल्या खाचांत बसणारे कंसही पत्र्यावरच टेकलेले असतात. मागचा बंपर दिसायला दणकट, पण बऱ्याच गाड्यांत तो पातळ पट्ट्यांवर लटकलेला असतो. वर खेचणाऱ्या ओढीसाठी तो बनवलेला नसतो. कंस बंपरमधून जाऊन चासीला पकडत असेल तरच तो वापरा. रॅचेट पट्टे गाडी घरापासून दुरुस्तीच्या दुकानापर्यंत न्यायला ठीक. ते पॉलिएस्टरचे असतात. पॉलिएस्टर ताणाखाली लांबतं आणि उन्हाने हळूहळू कमकुवत होतं.

टर्नबकल आणि तिची स्प्रिंग

चासी ताठ वाटते, पण एक चाक खळग्यात आणि समोरासमोरचं दुसरं उंचवट्यावर गेलं की ती पिळते. कॅम्परचा कोपरा आणि खुंटा यांतलं अंतर त्या क्षणी बदलतं. एका कोपऱ्यात वाढतं, दुसऱ्यात कमी होतं. मध्ये निव्वळ दांडा असेल तर वाढलेल्या अंतराला कोणी तरी जागा द्यावी लागते, आणि देतो तो सगळ्यात कच्चा दुवा, म्हणजे बहुतेकदा कॅम्परच्या लाकडातला आय-बोल्ट. दुसऱ्या कोपऱ्यात टर्नबकल सैल पडते, हुक निघू शकतो, आणि निघाला नाही तरी पुढच्याच क्षणी हिसका बसतो. हिसक्याचा जोर संथ ओढीच्या कित्येक पट असतो.

म्हणून स्प्रिंग असलेली टर्नबकल. अंतर वाढलं की स्प्रिंग दबते, कमी झालं की सुटते, ताण शून्यावर येत नाही. पण स्प्रिंग पूर्ण दाबून तिचे वेढे एकमेकांना टेकेपर्यंत आवळली, तर ती पुन्हा साधा दांडाच झाली. सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच, आणि ती करणारे सहसा काळजीवाहू लोक असतात. किती आवळायचं ते बनवणाऱ्याने दिलेल्या खुणेवरून ठरवा. खूण नसेल, तर हाताने घट्ट होईपर्यंत फिरवा, मग चारही कोपऱ्यांत आळीपाळीने अर्धा अर्धा वेढा, आणि स्प्रिंगच्या वेढ्यांत स्पष्ट फट उरलेली असताना थांबा. लांब पाना लावून जोर काढावा लागत असेल तर तुम्ही पुढे गेला आहात.

काही टर्नबकल पेच फिरवून नाही, तर खटका (लिव्हर) दाबून आवळतात. अशा खटक्याच्या टर्नबकलमध्ये लांबी एकदाच ठरवायची असते. एका हाताने, दम लावून पण अंगाचा भार न टाकता खटका बंद झाला पाहिजे. मग त्यात खिळी किंवा कुलूप घाला.

दिशा अशी ठेवा: बाजूने पाहिलं तर पुढच्या दोन टर्नबकल खाली आणि पुढे जाणाऱ्या, मागच्या दोन खाली आणि मागे. दोन्ही जोड्या एकमेकींविरुद्ध ओढतात, त्यामुळे ब्रेक लागला की मागची जोडी अडवते आणि चढावर जोर दिला की पुढची. चारही एकाच दिशेला झुकल्या असतील तर एका दिशेला कोणीच पहारा देत नाही. पेच असलेल्या टर्नबकल हादऱ्यांनी हळूहळू उलट्या फिरतात, त्यांना चेकनट, म्हणजे पेच जागीच अडवणारा जादा नट, लावा. चेकनट नसेल तर मधल्या भागातून तार ओवून टोकांना बांधा. हुकाला झडप हवी. साधा उघडा हुक फक्त ताणाच्या भरवशावर असतो.

कॅम्परकडची बाजू

गाडीकडे हजारो रुपयांचं पोलाद लावलेलं आणि कॅम्परकडे कुजलेलं लाकूड, हा अपघाताचा खात्रीचा मार्ग. जुन्या कॅम्परची चौकट बहुधा लाकडी असते. छताच्या कडेच्या फटीतून आलेलं पाणी भिंतीतून उतरत पंखांच्या कोपऱ्यात साठतं, आणि आय-बोल्ट नेमका तिथेच असतो. बाहेरचा पत्रा चकचकीत राहतो. तपासायचं कसं? आय-बोल्टभोवतीचं सीलंट तडकलंय का, पत्रा फुगलाय किंवा आत ओढला गेलाय का, खालून गंजाचे ओघळ आहेत का बघा. बोल्टच्या चारी बाजूंनी अंगठ्याने दाबा. मऊ लागलं, किंवा टोचलेला दाभण सहज आत गेला, तर तो कोपरा उघडून लाकूड बदलल्याशिवाय गाडी हलवू नये. नुसता जास्त लांबीचा स्क्रू घालून भागत नाही. बोल्ट आरपार हवा आणि आत रुंद पट्टी.

कॅम्पर उचलून धरणाऱ्या पायांचे, म्हणजे जॅकचे कंसही त्याच कोपऱ्यांत असतात, म्हणून एक कुजला की दोन्ही गेले.

चढवताना

जमीन सपाट आणि टणक हवी, वारा कमी. हौद्याचा मागचा फाळका काढून ठेवा, बहुतेक कॅम्पर त्याच्याशिवायच बसतात. मॅट आणि ठोकळा जागेवर. कॅम्पर चार जॅकवर उभा असतो, त्याचा तळ हौद्याच्या मॅटपेक्षा काही सेंटिमीटर वर असला म्हणजे पुरे. जितका उंच, तितका डळमळीत. पुढची बाजू मागच्यापेक्षा किंचित वर असू द्या. उतरवतानाही हाच नियम, नाहीतर कॅम्पर नाकावर झुकतो.

गाडी अगदी हळू मागे घ्या, एक माणूस बाहेरून व्हील आर्च आणि कॅम्परच्या भिंतीतली फट बघत राहू दे. जुळ्या मागच्या चाकांच्या गाडीत पुढचे जॅक फेंडरला लागतात, त्यासाठी बाहेर वळणारे कंस मिळतात. नाक ठोकळ्यापासून वीतभर राहिलं की थांबा, दोन्ही बाजूंची फट सारखी करा, मग टेकेपर्यंत घ्या. विजेची केबल याच वेळी जोडा, नंतर हात पोचत नाही. आता चारही जॅक थोडे थोडे, आळीपाळीने खाली. कॅम्पर पूर्ण हौद्यावर बसेपर्यंत टर्नबकलला हात लावू नका, कारण जॅकवर अर्धवट तरंगणाऱ्या कॅम्परला लावलेला ताण तो बसताच सैल होतो. आधी पुढची जोडी, मग मागची, मग पुन्हा पुढची.

पंख आणि कठड्याची फट डावी-उजवी सारखी आहे का पाहा. मग मागच्या कोपऱ्याला धरून जोराने हलवा. गाडी आणि कॅम्पर एकत्र डोलले पाहिजेत, पाट्यांवर. कॅम्पर आधी हलला आणि गाडी मागून आली, तर ताण कमी आहे. जॅक पूर्ण वर आणि गॅस बंद.

रस्त्यावर

पहिल्या १५-२० किलोमीटरवर थांबून टर्नबकल पुन्हा तपासा. मॅट दबते, ठोकळा बसतो, थोडी ढील येतेच. नंतर साधारण ८० किलोमीटरवर, मग दर इंधनाच्या थांब्याला आणि खराब रस्ता संपला की. नवे खुंटे बसवले असतील तर त्यांचे बोल्ट पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर टॉर्क पान्याने परत बघा.

कठड्यावरचा रंग घासलेला दिसला तर कॅम्पर बाजूला हलतोय. हुकाच्या कडीत ताजी, चकाकणारी चीर पडली असेल तर तिथे हिसके बसतायत. पुढच्या भिंतीला नवा पोक आला तर ठोकळा सरकला किंवा उंच बसलाय. एकच टर्नबकल दर थांब्याला सैल मिळत असेल, तर तिला आणखी आवळण्याआधी तिच्या दोन्ही टोकांकडे बघा: खुंट्याचा दांडा वाकतोय किंवा आय-बोल्ट लाकडातून निघतोय.

उतरवताना क्रम उलटा, आणि त्यात एकच गोष्ट जीवावरची: जॅक एक इंचही वर घेण्याआधी चारही टर्नबकल सोडलेल्या असल्या पाहिजेत, केबल काढलेली असली पाहिजे. विजेच्या जॅकना ताण जाणवत नाही. एक विसरलेली टर्नबकल कोपऱ्यातून आय-बोल्ट उपटते किंवा जॅकचा कंस वाकवते, आणि तोवर कॅम्परचं अर्धं वजन हवेत असतं. म्हणून सोडलेल्या चारही टर्नबकल गाडीवरून पूर्ण काढून एका जागी जमिनीवर ठेवा. चार मोजल्या की मगच जॅकच्या बटणाला हात.